सांभाळायला दिलेली पेटी

मी एक जुनी पेटी आहे. बाजाची पेटी, म्हणजे हार्मोनियम. पण भजनी मंडळात मला कोणी हार्मोनियम म्हणत नाही. सगळे पेटीच म्हणतात आणि मलाही तेच नाव आवडतं. हार्मोनियम म्हटलं की शाळेत बाईंनी हजेरी घ्यायला पूर्ण नाव पुकारल्यासारखं वाटतं.

मित्रांनो, भांडुपच्या टेकडीवरच्या चाळीत चंद्रप्रकाश बुवांच्या खोलीत तुम्ही भजन शिकायला येता, तेव्हा कपाटाशेजारच्या स्टुलावर मी बसलेली असते. तुमच्यातले काहीजण जाता-येता मला टपली मारतात. परवा एकाने तर मला भंगार म्हटलं. मला राग आला, खोटं कशाला बोलू? म्हाताऱ्या माणसांना येतो तसाच पेटीलाही राग येतो. म्हणून ठरवलं, तुम्हाला माझी हकीकत सांगून टाकायची. ती तशी आनंदाची नाही. मधे कुठे हसू आलं तर मात्र हसून घ्या, कारण मीही हसले होते.

माझा जन्म गिरगावातल्या एका छोट्या दुकानात झाला. सांगाडा सागवानाचा, आतले पितळी सूर पालिताण्याहून आणलेले आणि भात्याच्या घड्यांना मऊ कातडं. मला घडवणारा कारागीर फार कमी बोलायचा. एकेक सूर कानाशी धरायचा, किंचित घासायचा, पुन्हा बसवून बघायचा. बुवांचे वडील गिरणीत कामाला होते. आपल्या गाववाल्यांच्या भजनी मंडळासाठी त्यांनी मला करून घेतलं. मी चाळीत आले तेव्हा नारळ फुटला, मला हळदकुंकू लागलं आणि सगळ्यांना शिरा मिळाला. एवढं कौतुक पुढे कधी झालं नाही.

वडिलांच्या मागे मी बुवांच्या हाती आले. तुम्ही डबलबारी बघितली असेलच. दोन बुवा आपापली मंडळी घेऊन समोरासमोर बसतात. एकाने भजनातून सवाल टाकायचा आणि दुसऱ्याने भजनातूनच जबाब द्यायचा. तिथे पेटीने खणखणीत बोलावं लागतं. पखवाज, झांजा आणि समोरच्या पार्टीची हुल्लडबाजी, या सगळ्यावरून माझा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत जायचा. विक्रोळी, घाटकोपर, मानखुर्द, कुठे कुठे म्हणून मी बसले नाही! बुवांनी तान घेतली आणि मी तिच्या शेपटीला बरोबर धरलं की लोक शिट्ट्या मारायचे. त्यातल्या निम्म्या शिट्ट्या माझ्यासाठी असायच्या असं मी समजते. बुवा तसं समजत नसत.

मग नवी पेटी आली. तिच्या पट्ट्या डावी-उजवीकडे सरकवता यायच्या, त्यामुळे गाणाऱ्याला पाहिजे ती पट्टी मिळायची. नव्या नवरीसारखे तिचे लाड झाले आणि मी माळ्यावर गेले. तिथे गणपतीचं मखर, फुटकी बादली आणि मी असा आमचा संसार होता. बरीच वर्षं मी उजेड पाहिला नाही.

मला खाली काढलं ते प्रांजलने. प्रांजल हा बुवांचा एकुलता एक मुलगा. नव्या पेटीला हात लावला की बुवा ओरडत, म्हणून त्याने मला धरलं. धूळ पुसली, भात्याचं फाटलेलं कातडं स्वतः चिकटवलं आणि कानाने ऐकून ऐकून वाजवायला शिकला. पुढे तो इंजिनियरिंगला गेला. त्याच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये एका मुलीला गाण्यासाठी पेटीवाला हवा होता. ती मुलगी म्हणजे मुलुंडची गंधाली. शेजारच्या आर्किटेक्चर कॉलेजात शिकत होती आणि लहानपणापासून रीतसर गाणं शिकलेली होती.

पहिल्याच तालमीत तिने गाणं मधेच थांबवलं.

"पेटी फार मोठ्याने वाजतेय. गातेय मी, तू नाही."

"बाईसाहेब, डबलबारीची पेटी आहे ही," प्रांजल म्हणाला. "हिला हळू बोलता येत नाही."

"मग शिकव ना तिला."

मला त्या मुलीचा असा राग आला म्हणता! पण मग प्रांजल खरंच शिकला आणि त्याच्यामुळे मीही. गाणारी व्यक्ती पुढे जाते आणि पेटी तिच्या पाठोपाठ जाते. तिला मागे खेचायचं नाही, तिच्या पुढेही धावायचं नाही. ती श्वास घेईल तेवढीच जागा भरायची. डबलबारीत इतकी वर्षं घालवूनही हे मला ठाऊक नव्हतं. गॅदरिंग संपलं, पण तालमी संपल्या नाहीत. कधी कॉलेजच्या जिन्याखाली, कधी आमच्या खोलीत, कधी मुलुंडला तिच्या घरी. त्या दोघांचं प्रेम आधी त्यांच्या लक्षात आलं की माझ्या, हे सांगता येणार नाही. मला वाटतं माझ्याच.

शिक्षण संपल्यावर प्रांजलला पुढच्या अभ्यासासाठी जर्मनीत प्रवेश मिळाला. बुवांच्या घरातून विमानात बसणारा तो पहिलाच. चाळीत पेढे वाटले गेले. प्रांजलच्या आईला, म्हणजे प्रेमाताईंना मात्र एकच काळजी होती.

"लग्न करून जा ना मेल्या," त्या म्हणाल्या.

"आई, दोन वर्षं गं फक्त. शिकून येतो, मग लग्न. तिलापण तिचं काम सुरू करायचंय ना."

गंधाली तिथेच बसली होती. तिने मान हलवली. दोन वर्षं म्हणजे काय मोठंसं, असं त्या दिवशी खोलीतल्या सगळ्यांनाच वाटलं, मलासुद्धा. माळ्यावर मी त्याहून जास्त काळ काढला होता.

जाण्याआधी प्रांजलने मला मुलुंडला नेऊन ठेवायचं ठरवलं. गंधालीनेच मागितलं होतं. बुवांनी आधी माझा भाता उघडून बघितला. मग माझ्यावरून हात फिरवत तिला म्हणाले, "घेऊन जा. पण एक सांगतंय. पेटीक रोज वारो व्हयो. दोन मिन्टां भातो हलव, पण रोज हलव. झाकून ठेवलंस तर ती आतल्या आत मरता."

"रोज वाजवेन काका," गंधाली म्हणाली. ते तिने अगदी मनापासून म्हटलं होतं. मी साक्षीला आहे.

मुलुंडचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. पुस्तकांची दोन कपाटं, खिडकीत मोगरा आणि दुपारी सगळीकडे शांतता. मला चौरंगावर बसवलं गेलं. गंधालीची आई जयंतीबाई बँकेतून निवृत्त झाल्या होत्या आणि त्यांना जे वाटे ते त्या बोलून टाकत. "लोकांची मुलं अंगठी देऊन जातात, याने पेटी दिली," असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच आपल्या जुन्या नारायणपेठी साडीचा मला झगा शिवला. माझ्या आयुष्यातला तो पहिला झगा.

सुरुवातीचे महिने सोन्यासारखे गेले. गंधाली रोज संध्याकाळी माझ्यापाशी बसायची. तिला गाता येत होतं, वाजवता येत नव्हतं. बोटं अडखळायची, मग ती स्वतःवरच चिडायची. प्रांजल फोनवरून सांगायचा, "अंगठा खालून घे, खालून!" आणि हिचा अंगठा नेमका वरून जायचा. रविवारी दुपारी त्यांचा व्हिडिओ कॉल ठरलेला होता. फोन माझ्याच माथ्यावर, पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केलेला असायचा. त्यामुळे मला दिसायचं काही नाही, पण ऐकू सगळं यायचं.

एका रविवारी त्यांनी ठरवलं की पूर्वीसारखं एकत्र गायचं. तिने इथे गायचं आणि त्याने तिथे एका छोट्या की-बोर्डवर साथ करायची. गाणं सुरू झालं आणि गंमतच झाली. इथला आवाज तिथे पोचायला जरासा वेळ लागतो आणि तिथला इथे यायला परत तेवढाच. तिला वाटे तो मागे पडलाय, म्हणून ती त्याच्यासाठी थांबे. त्याला वाटे ती रेंगाळतेय, म्हणून तो तिच्यासाठी थांबे. थांबता थांबता ते झकास चालीचं भजन इतकं हळू झालं की शेवटी बंदच पडलं. दोघेही पोट धरून हसले.

"अरे, तू थांबत जाऊ नकोस ना!"

"तूच थांबतेस, मी काय करू? वाट लागली यार गाण्याची."

त्यावर त्यांनी उपाय शोधला. तिने मला वाजवत एकटीने गायचं आणि त्याने नुसतं ऐकायचं. त्याच्या खोलीत आणखी मुलं राहत. त्यांचा गलका, भांड्यांचे आवाज तिला ऐकू येऊ नयेत म्हणून तो आपला आवाज बंद करून ठेवायचा. गाणं संपलं की आवाज सुरू करून म्हणायचा, "वा! झकास." मित्रांनो, मी जन्मभर मैफली केल्या आहेत. ऐकणारा मान डोलावतो, 'क्या बात है' म्हणतो, निदान खोकतो तरी. समोरून काहीच येत नसताना वाजवणं फार अवघड असतं. पण गंधालीची तक्रार नव्हती, तेव्हा मी कोण बोलणारी?

पहिलं वर्ष असं गेलं. मग कॉल कधी शनिवारी, कधी सोमवारी होऊ लागले. प्रांजलचा प्रोजेक्ट सुरू झाला. त्याच्या बोलण्यात मला माहीत नसलेल्या माणसांची नावं येऊ लागली. कोणीतरी कोणाला तरी काय म्हणालं याची गंमत तो सांगायचा आणि गंधाली हसायची, पण ती एका क्षणाने उशिरा हसायची. इकडे तिलाही अंधेरीला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरी लागली होती. ती घरी यायची तेव्हा चेहरा उतरलेला असायचा. तिच्या साइटवरचा मुकादम, तिच्या बॉसच्या लहरी, हे सगळं सांगायला ती सुरुवात करायची आणि मधेच म्हणायची, "जाऊ दे, तुला नाही कळणार." तो म्हणायचा, "सांग ना." ती म्हणायची, "नको, लांबलचक आहे."

मग तो एक रविवार आला. गंधालीने एक भावगीत गायला घेतलं. त्या गाण्याला दोन अंतरे आहेत. पहिला अंतरा झाला, तिने ध्रुवपद घेतलं आणि पुन्हा पहिलाच अंतरा गायला. मला वाटलं चुकली. पण तिची बोटं चुकल्यासारखी चालत नव्हती, ती अगदी ठरवून चालत होती. गाणं संपलं. फोनमधून आवाज आला.

"झकास! आणि दुसरा अंतरा तर कमाल झाला गं आज."

गंधालीने पट्ट्यांवरून हात उचलला. मग म्हणाली, "हो ना? मलापण वाटलं."

फोन बंद झाल्यावर तिने माझा भाता मिटला, पण आकडी लावली नाही. भाता हळूहळू आपोआप उघडत राहिला. मला तेव्हा प्रांजलच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, पण पेटीला ते जमत नाही.

तुम्ही म्हणाल, प्रांजलच वाईट होता तर! नाही रे मित्रांनो. तो तिकडे स्वतःचं जेवण स्वतः करत होता, नवी भाषा शिकत होता, आईला फोनवर सगळं छान आहे म्हणून सांगत होता. त्या रविवारी तो कदाचित भात लावत असेल. आणि गंधालीनेही त्याला तिथल्या तिथे झापलं असतं, तर पुष्कळ गोष्टी सुटल्या असत्या. तिने झापलं नाही. पुढे ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर ती एका गाण्याच्या ग्रुपमध्ये जाऊ लागली. तिथे साथीला दुसरी पेटी होती. हे तिने प्रांजलला सांगितलं नाही आणि एक-दोनदा त्याचा कॉल आला तेव्हा "आज नको, दमलेय" म्हणून ठेवून दिला. त्या संध्याकाळी ती दमलेली नव्हती, आरशासमोर उभी राहून केस विंचरत होती. दोघांपैकी एकजण जरी वाईट निघाला असता तरी मला बरं वाटलं असतं. कोणावर तरी रागावता आलं असतं.

दोन वर्षं संपली आणि प्रांजलला तिथेच नोकरी मिळाली.

"अजून थोडेच दिवस गं," तो म्हणाला. "इथला अनुभव पाहिजेच ना. नाहीतर तू ये इकडे. लग्न करून टाकू आणि ये."

"मी तिथे येऊन काय करू?"

"मिळेल गं काहीतरी."

"काहीतरी?"

त्या वेळी गंधालीच्या हातात एका शाळेच्या इमारतीचं काम आलं होतं. पहिल्यांदाच तिचा स्वतःचा नकाशा मंजूर झाला होता. त्या शाळेचा जिना कसा असावा, यावर ती आईशी जेवताना तासन् तास बोलायची. प्रांजलला जिन्याबद्दल काहीच माहीत नव्हतं, कारण तिने सांगितलं नव्हतं. का सांगितलं नाही, तर त्याने विचारलं नव्हतं. आणि त्याने का विचारलं नाही? कामाबद्दल विचारलेलं तिला आवडत नाही असं त्याला वाटायचं. असं हे चक्र.

माझ्याकडे येणं आता कमी झालं. आधी एक दिवसाआड, मग आठवड्याने, मग सणासुदीला. माझ्या झग्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले जाऊ लागले. जयंतीबाईंनी झुरळं होऊ नयेत म्हणून माझ्या भोवती डांबरगोळ्या टाकल्या. त्यांचा हेतू चांगला होता, पण त्या वासाने माझा जीव जायचा. पावसाळ्यात हवा दमट झाली आणि मधल्या सप्तकातला माझा एक सूर अडकला, वाजेनासा झाला. मी वाट बघत राहिले की कोणीतरी भाता हलवेल, तेवढ्याने तो सुटलाही असता. झगा मात्र दर महिन्याला धुतला जायचा. बाहेरून मी अगदी नीटनेटकी दिसायचे.

पुढच्या मे महिन्यात मुलुंडची ती इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. सगळ्या बिऱ्हाडांना भाड्याच्या घरात जायचं होतं. गंधालीला मिळालेलं भाड्याचं घर लहान होतं. काय न्यायचं, काय द्यायचं, यावर घरात रोज चर्चा चालायची. सोफा विकला गेला, एक पुस्तकांचं कपाट लायब्ररीला गेलं. शेवटी जयंतीबाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"गंधाली, या पेटीचं काय ते एकदा ठरव बाई."

गंधाली म्हणाली, "मी त्याला विचारते."

आईला एका पेटीबद्दल बोलायचं होतं. पण गंधाली दोन दिवस मोबाईल हातात घेऊन माझ्यासमोर बसत होती आणि काही न लिहिता उठत होती. मला कळत होतं, तिला माझ्याबद्दल विचारायचंच नव्हतं. तिला विचारायचं होतं की आपलं अजून काही आहे का. तसं सरळ विचारायची सवय मोडली होती. म्हणून तिसऱ्या दिवशी, सुट्टीच्या दुपारी, तिने एकच ओळ पाठवली आणि आईला वाचून दाखवली, "पेटीचं काय करू?"

मग ती खिडकीत बसली. मधूनमधून फोन बघत होती. मी देवाला हात जोडले असते, पण मला हात नाहीत. 'ठेव, मी येतोय' असं लिही रे बाबा, एवढंच मी मनात म्हणत होते.

फोन वाजला. तिने मोठ्याने वाचलं.

"अगं, पिकले असतील तर अर्धे शेजाऱ्यांना वाट. आणि खालचा थर आधी बघ हां, खालचे आधी सडतात. मलापण खायचेत यार!"

मित्रांनो, बुवांचं गाव देवगडकडे. दर मे महिन्यात ते गावी गेले की मुलुंडला हापूसची एक पेटी पाठवत. त्या वर्षीही पाठवली होती. प्रांजलला वाटलं, ती त्याच पेटीबद्दल विचारतेय!

आधी जयंतीबाईंना हसू फुटलं. मग गंधालीही हसली. अगदी खळखळून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीही हसले. मग जयंतीबाईंचं हसू थांबलं, कारण मुलीच्या डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं.

"अगं, सांग त्याला," त्या म्हणाल्या. "फोन कर आणि सांग, ती पेटी नाही, ही पेटी."

गंधालीने फोन हातात घेतला, लिहिलं, "बरं," आणि पाठवून दिलं. नंतर खरोखरच तिने आंबे काढले, खालचा थर तपासला आणि शेजारी अर्धे देऊन आली.

त्याच आठवड्यात तिने मला रिक्षात घातलं आणि भांडुपला आणलं. टेकडीच्या पायऱ्या चढताना तिला धाप लागत होती, पण तिने कोणाला हात लावू दिला नाही. दार प्रेमाताईंनी उघडलं. बुवा गावाहून आदल्याच दिवशी परतले होते.

"कित्याक गो एवढा जड घेऊन इलंस?" बुवा म्हणाले. "आमका सांगतंस तर आमी न्हेला नसता?"

"घर हलवतोय ना काका. तिकडे जागा नाही."

प्रेमाताईंनी कोकम सरबत दिलं. त्यांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. बुवांनी मात्र उत्साहाने प्रांजलला व्हिडिओ कॉल लावला. "बघ, कोण इला!"

"अरे, पेटी!" फोनमधून प्रांजल म्हणाला. "म्हणजे तू तेव्हा या पेटीचं विचारत होतीस? मला वाटलं आंब्यांची!"

बुवा टाळी देऊन हसले. प्रेमाताई हसल्या. गंधालीही हसली. नंतर ती आणि प्रांजल एकदमच काहीतरी बोलायला गेले आणि एकदमच थांबले.

"बोल ना," तो म्हणाला.

"नाही, तू बोल."

"नाही गं, काही नाही. तू कशी आहेस?"

"छान. तू?"

"मीपण. नंतर बोलू आपण, निवांत."

"हो," ती म्हणाली, "नंतर." तिने बुवांना आणि प्रेमाताईंना वाकून नमस्कार केला. जाताना माझ्यावर हात ठेवला, भाता उघडायला गेली आणि तसाच सोडून निघून गेली.

ते निवांत बोलणं कधी झालं, की झालंच नाही, मला ठाऊक नाही. पावसाळ्यानंतर एकदा प्रेमाताई फोनवर प्रांजलला गंधालीच्या घरच्यांशी बोलू का, म्हणून विचारत होत्या. तो म्हणाला, "नको आई. आता तसं काही नाही."

"नाही म्हणजे? कोणी ठरवलं?"

"दोघांनी."

"केव्हा?"

"असं एका दिवशी नाही ठरलं गं," तो म्हणाला. प्रेमाताईंनी फोन ठेवला आणि बराच वेळ निवडलेलीच भाजी पुन्हा निवडत बसल्या.

यंदा गणपतीला प्रांजल आला होता. तो आता जरा जाड झालाय आणि चहात साखर घेत नाही. एका दुपारी खोलीत कोणी नसताना तो माझ्यापाशी बसला. भाता सोडला, ते जुनं भावगीत वाजवायला घेतलं आणि मधल्या सप्तकात अडला. तिथली पट्टी दाबली की नुसती हवा यायची. त्याने ती पुन्हा पुन्हा दाबली.

प्रेमाताई आत आल्या तेव्हा त्याने विचारलं, "आई, ते लोक आता कुठे राहतात?"

"कोण लोक?"

"मुलुंडचे."

"मुलुंडातच कुठेतरी भाड्याने आहेत. तुझ्याकडे नंबर आहे ना तिचा?"

"आहे," तो म्हणाला. त्याने खिशातून फोन काढला, तिचं नाव शोधलं, त्याच्याकडे बघत बसला आणि फोन परत खिशात ठेवला. भांडुप आणि मुलुंडच्या मधे एकच नाहूर स्टेशन आहे. तो जर्मनीत असताना ती दोघं तासन् तास बोलायची. आता त्याला एक नंबर लावता येईना.

निघायच्या दिवशी सकाळी बुवांनी विचारलं, "रे, तुझी पेटी दुरुस्तीक देवया काय?"

"बघू," प्रांजल म्हणाला. "पुढच्या वेळी आलो की."

तेव्हापासून मी अशी स्टुलावर आहे. मला टपली मारणाऱ्या मित्रांनो, मारा हवी तर, माझी हरकत नाही. पण त्याआधी दोन मिनिटं माझा भाता हलवा. पेटी वाजवली की झिजते असं लोकांना वाटतं. ती झिजते झाकून ठेवल्याने. आणि तुम्ही मोठे व्हाल, कोणी शिकायला जाईल, कोणी नोकरीला जाईल. लांब राहिलेलं आपलं माणूस कधीतरी एका ओळीत काहीतरी विचारेल. तुम्ही घाईत असाल, आणि उत्तर आपल्याला माहीतच आहे असं तुम्हाला वाटेल. तेव्हा लगेच उत्तर देऊ नका, आधी उलट विचारा. "कुठली पेटी?" एवढे दोनच शब्द पुरले असते. गंधाली त्या दुपारी खिडकीत बसून त्यांचीच वाट बघत होती.